दहाचा पाना

इलेक्ट्रिशियन सोमवारी येतो म्हणाला होता. घड्याळजींना तेवढा दम धरवला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण सासूबाईंची बस शनिवारी चारला होती.

सासूबाई पंधरा दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या आणि त्या पंधरा दिवसांचा आता चौथा महिना चालू होता. शेवटी धाकट्या मुलीकडे जायचं ठरलं, तिकीट निघालं, आणि नेमकी त्याच आठवड्यात गाडी बिघडली. बंद पडली नाही, तिचं डोकं फिरलं. डावीकडे वळायचा दिवा लावला की वायपर फिरायचे. ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा आणि पुढचा माणूस वळून शिव्या द्यायचा. इलेक्ट्रिशियनने तपासून सांगितलं, कंट्रोल मॉड्यूल गेलंय. म्हणजे दिवे, काचा, कुलपं, हॉर्न या सगळ्यांना हुकूम सोडणारी डबी. ती बदलायची आणि मग कॉम्प्युटर लावून नव्या डबीची गाडीशी ओळख करून द्यायची. तो कॉम्प्युटर सोमवारी मिळणार होता.

घड्याळजींना हे ओळखीचं प्रकरण थोतांड वाटलं. पंचवीस वर्षं डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवलेला माणूस. (त्यांतली बरीच घड्याळं नंतर चालायचीही.) बायको म्हणाली, टॅक्सी बोलावते. त्यावर ते दुखावले. जावई घरात असताना सासूने टॅक्सीने जायचं म्हणजे काय? खरं सांगायचं तर सासूबाई बसमध्ये चढलेल्या त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या होत्या.

भंगारवाल्याकडून त्यांनी त्याच नंबरची डबी आणली. आधी बॅटरीची वायर सोडावी असं मोबाइलवर पाहिलेल्या व्हिडिओत सांगितलं होतं, पण त्यातला माणूस फार पाल्हाळ लावत होता, म्हणून घड्याळजींनी तेवढा भाग पळवला. उत्साहाच्या भरात सासूबाईंची बॅग तिकिटासकट डिकीत ठेवली. शेजारी डोकावायला नकोत म्हणून दारं लावून घेतली, काचा वर केल्या आणि पाय सीटच्या पाठीवर, डोकं स्टिअरिंगखाली, अशा अवस्थेत कामाला लागले.

जुनी डबी निघाली. नवी बसली. क्लिक असा गोड आवाज आला.

लगेच खाट् असा दुसरा आवाज आला. चारही दारांना कुलूप लागलं आणि हॉर्न सुरू झाला. थांबून थांबून नाही, एकसलग.

उलटे लटकलेले घड्याळजी धडपडत सुलटे झाले. दाराच्या कड्या ओढल्या, त्या नुसत्या हलल्या. काचेची बटणं दाबली, काही नाही. तोवर बायको किल्ली घेऊन धावत आली. रिमोट चालेना, आणि भोकात घातलेली किल्ली फिरेना, कारण त्या भोकात गेल्या वर्षी घड्याळजींनीच खास घड्याळाचं तेल घातलं होतं.

बॅटरी सोडणं हा एकच उपाय उरला होता. त्यांनी आतून बॉनेटची कडी ओढली आणि काचेला तोंड लावून ओरडले, "दहाचा पाना आण."

बायकोने कानावर हात ठेवून पाहिलं. ते पुन्हा ओरडले. तिच्या चेहऱ्यावरची काळजी हळूहळू मावळली आणि तिथे दुसरंच काही उगवलं. सगळी गल्ली गोळा झालीय, आईची बस चाललीय, आणि हा माणूस आत बसून चहा मागतोय?

"चहा आणि पाणी काहीही मिळणार नाही," ती म्हणाली.

एवढ्यात सासूबाई पायरीवर आल्या. त्यांना ऐकू अगदीच कमी यायचं, त्यामुळे हॉर्नचा त्रास फक्त त्यांनाच होत नव्हता. आत घड्याळजी पाना, बॅटरी, वायर असं ओरडतच होते. क्षणभर त्या काचेकडे बघत राहिल्या आणि शांतपणे मुलीला म्हणाल्या, "चहा नाही गं. दहाचा पाना म्हणतायत. बॅटरीची काळी वायर आधी सोडायचीय."

बायकोने पाना आणला आणि वाकून नट फिरवायला लागली. आत घड्याळजी थक्क झाले होते. ते स्वतःशीच पुटपुटले, "म्हातारीला ऐकू आलं कसं?"

नेमका त्याच क्षणी हॉर्न थांबला.

"ऐकू नाही आलं, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "दिसलं."

मग कळलं ते असं. तीस वर्षं त्या सूतगिरणीत कामाला होत्या. तिथल्या यंत्रांच्या गोंगाटात कुणालाच काही ऐकू यायचं नाही, सगळ्याजणी ओठ वाचूनच बोलायच्या. ही सवय कुठे जाते?

घड्याळजींनी मनात हिशोब केला. चार महिने! समोरासमोर बसून जेवताना, टीव्हीचा आवाज वाढल्यावर, त्यांची आवडती खुर्ची अडवली गेल्यावर, ते बिनधास्त ओठांतल्या ओठांत बोलत आले होते आणि वर गोड हसत आले होते. प्रत्येक वाक्य त्यांना एकेक करून आठवायला लागलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"काय काय बोलतात गं हे?" बायकोने आईला विचारलं.

"विशेष काही नाही. मी कधी जाणार, एवढंच. रोज विचारतात. काळजी असते त्यांना."

बायको काचेतून आत बघत राहिली. डबीने कुलूप लावलंय हे बरं झालं, असं घड्याळजींना त्या दिवसात पहिल्यांदाच वाटलं.

फोन करून बोलावलेला इलेक्ट्रिशियन आला तेव्हा साडेचार वाजले होते. बस गेली होती, बॅग डिकीतच होती. दाराच्या फटीतून पट्टी घालून त्याने कुलूप सोडवलं आणि समजावून सांगितलं की ओळख नसलेली डबी आहे, तिच्या मते तुम्ही चोर. सोमवारी त्याने नवी डबी बसवली, कॉम्प्युटर लावला, आणि गाडी शहाण्यासारखी वागायला लागली.

मंगळवारचं तिकीट काढलं. मधले दोन दिवस घड्याळजी घरात तोंड घट्ट मिटून वावरले. जेवताना घास चावायचीही त्यांना भीती वाटायची, न जाणो त्यातून एखादा शब्द तयार व्हायचा. पण मंगळवारी बसस्टँड जवळ आलं, मागच्या सीटवरच्या सासूबाई समोरच्या आरशात बघतायत हे त्यांच्या लक्षात आलं आणि डोक्यात एक नामी कल्पना चमकली. झालं गेलं धुऊन काढायची ही संधी होती. त्यांनी चेहरा उदास केला, आरशात ओठ नीट दिसतील अशी मान धरली आणि स्वतःशीच बोलल्यासारखे सावकाश पुटपुटले, "आई गेल्यावर घर अगदी खायला उठेल."

बायकोला काहीच ऐकू आलं नाही. मागे सासूबाईंनी पदराने डोळे पुसले.

"एवढं वाटतंय तर आधी नाही का सांगायचं," त्या म्हणाल्या. "फिरवा गाडी."