एकेरी तिकिटाचा हट्ट

"तीता, परतीचं तिकीट दाखवा," काउंटरवरची लीझेल फिलिपिनो रीतीने 'मावशी' अशी हाक मारत हसून म्हणाली.

"परतीचं? अगं, मी चाललेय तीच परत. सॅन फ्रान्सिस्कोहून मनिला, तिथून बसने लेमेरी. त्यापुढे काय समुद्रात उडी मारू?"

साल्वासियोनबाईंनी हे इतक्या खणखणीत आवाजात सांगितलं की मागच्या रांगेतली निम्मी डोकी वर झाली. तीस-बत्तीस वर्षं इथल्या इस्पितळात नर्सचं काम केलेल्या बाईचा आवाज तो. त्याला डॉक्टरही बिचकून असत.

लीझेल मात्र फिलिपिन्सच्याच पांपांगा प्रांताची होती, ती बिचकली नाही. "तीता, तुम्ही मला अमेरिकेचा पासपोर्ट दिलात. म्हणजे माझ्या कॉम्प्युटरला तुम्ही परदेशी. परदेशी माणसाकडे परतीचं तिकीट नसेल तर मनिलाच्या विमानात बसवता येत नाही."

"मी परदेशी? लेमेरीत जन्मले मी! आणि मागच्या वर्षी हात वर करून शपथ घेतलीय, आपलं नागरिकत्व परत मिळवलंय. फिलिपिन्सचा पासपोर्टही आहे माझ्याकडे."

"मग प्रश्नच मिटला. तो दाखवा."

बाईंनी पर्स उघडली. मग बंद केली. मग हळूच मागे वळून पाहिलं. मागे सामानगाडीवर दोन खोकी होती. दोन्ही सारखीच, चिकटपट्टीत नखशिखान्त गुंडाळलेली, वर दोरी आणि सहाही बाजूंना जाड मार्करने लिहिलेलं नाव: साल्वासियोन दिमाकुलांगान.

"नानाय," मुलगा रोडेल कपाळाला हात लावत म्हणाला, "पासपोर्ट खोक्यात टाकलास?"

"मग कुठे टाकणार? पर्स कोणीही पळवतं. खोकं कोणी पळवलंय कधी?"

यावर रांगेतल्या चार-पाच बायकांनी माना डोलावल्या. इतकी वर्षं जे जे मोलाचं ते सगळं खोक्यातूनच गावी गेलं होतं. भाच्यांचे बूट, बहिणीची औषधं, एकदा तर बाईंचं लग्नातलं कानातलंसुद्धा साबणाच्या वडीत रुतवून. मग पासपोर्टानेच काय पाप केलं होतं?

"कुठल्या खोक्यात?" सून मारिविकने विचारलं.

"तेच आठवत नाहीये."

रोडेलने आवाज खाली घेतला. "नानाय, ऐक ना. एक परतीचं तिकीट काढून टाकू. नाही वापरलंस तर नाही वापरलंस. कोण विचारतंय?"

"मी विचारतेय! तीस वर्षं परतीच्या तिकिटावर गावी गेले. पोचल्या दिवसापासून तुझी इसिंगमावशी विचारायची, 'ताई, कधी निघणार?' तिच्या डोळ्यांत बघवायचं नाही मला. या वेळी तिला सांगितलंय, खुर्ची ओसरीवर मांडून ठेव, मी कायमची येतेय. आता मी परतीचं तिकीट घेऊन तिच्यासमोर बसू? नाही म्हणजे नाही. सोड ती दोरी."

दोरी सुटली, पण चिकटपट्टी सुटेना. ती रोडेलनेच लावली होती, आणि रोडेलला एक गुंडाळी पुरत नसे. शेवटी मागच्या एका आजोबांनी नेलकटर दिलं. तेवढ्या इवल्याशा पात्याने रोडेल घाम गाळत खोकं कुरतडू लागला आणि रांग सल्ले देऊ लागली.

"कडेने काप, कडेने!"

"अहो, खालून उघडा. वरून चॉकलेटं चिरडतात."

खोकं उघडलं आणि फुगलं. खारवलेल्या मांसाचे डबे, हाताला लावायची मलमं, दात घासायच्या पेस्टी, मोज्यांनी ठासलेले बूट. सगळं विमानतळाच्या चकचकीत फरशीवर आलं. पासपोर्ट काही आला नाही.

"एवढ्या पेस्टी?" नेलकटरवाले आजोबा म्हणाले. "मनिलात मिळतात की हो."

"तुमच्या खोक्यात काय आहे?"

आजोबांनी आपल्या खोक्याकडे पाहिलं. "पेस्टीच आहेत," म्हणाले.

इतक्यात लीझेलचा चेहरा उजळला. "तीता, राहू दे! मी तुमचं नाव घालून शोधलं. तुमच्या नावावर परतीचं तिकीट आहे की! ऑगस्टचं. झालं काम, आता बोर्डिंग पास देते."

रांगेने टाळ्या वाजवल्या. मारिविकने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा फरशीवरच्या मलमांकडे पाहू लागला.

"रोडेल," साल्वासियोनबाई म्हणाल्या. आवाज चक्क हळू होता, आणि तेच भीतीचं होतं. "हे कोणी काढलं?"

"मी," रोडेल म्हणाला. "मला वाटलं, तीन महिन्यांत कंटाळशील. तिथे मैत्रिणी उरल्या नाहीत. उकाडा असतो. आणि…" त्याने एक मलम उचलून परत खाली ठेवलं. "आणि तू गेल्यावर स्वयंपाकघरात ओरडणार कोण?"

पोराला जवळ घ्यावं असं बाईंना फार वाटलं. पण जवळ घेतलं असतं तर विमान सुटलं असतं, आणि हट्टही.

"लीझेल, ते तिकीट रद्द कर."

"तीता! आता सगळं जुळलंय! रद्द केलंत आणि पासपोर्ट नाही सापडला, तर आज जाता येणार नाही."

"नाही तर नाही. उद्या येईन, परवा येईन, इथेच पथारी टाकीन. पण जाईन ती एकेरीच. माझ्या घरी जायला मला माघारीची हमी द्यावी लागते? रद्द कर म्हणते ना!"

"करा हो करा!" रांगेतून कोणीतरी ओरडलं. लीझेलने बटण दाबलं.

दुसरं खोकं बाईंनी स्वतः फोडलं, घराच्या किल्लीने. ज्या घरी आता परतायचं नव्हतं त्याची किल्ली निदान एवढ्या तरी कामाला आली. टॉवेल निघाले, साबण निघाले, आणि तळातून इसिंगसाठी घेतलेला राइसकुकर निघाला. बाईंनी झाकण उचललं. भात शिजवायच्या भांड्यात, हातरुमालात गुंडाळलेला, मरून रंगाचा पासपोर्ट.

"सांगितलं नव्हतं? जपूनच ठेवलाय!"

मग उलटा खेळ सुरू झाला. काढलेलं सामान परत मावेना. रांगेतल्या प्रत्येकाच्या पिशवीत चिकटपट्टीची एक तरी गुंडाळी होतीच. त्या सगळ्या खर्ची पडल्या. चॉकलेटांचा एक पुडा लीझेलला गेला, आणखी एक पेस्ट आजोबांना. सगळं कोंबून झालं तरी राइसकुकर बाहेरच राहिला. बाईंनी तो उचलून रोडेलच्या हातात दिला.

"हा तू घेऊन ये."

"मी? कधी?"

"ख्रिसमसला. तोवर मावशी काही उपाशी राहत नाही."

रोडेलचा चेहरा फुलला. "येतो, नानाय! आजच तिकीट काढतो."

"काढ. पण जायचं-यायचं दोन्ही काढ," बोर्डिंग पास पर्समध्ये ठेवत साल्वासियोनबाई म्हणाल्या. "तुलाही नागरिकत्वाची शपथ घे म्हटलं होतं, तर 'कशाला?' म्हणालास. आता तू परदेशी. परतीचं तिकीट नसेल तर तुला विमानात घेणार नाहीत."

अख्खी रांग हसली. बाईंनी त्याच्या गालावर एक थाप मारली, डोळे पुसले आणि मागे न बघता तपासणीच्या दारातून आत गेल्या.

रोडेल राइसकुकर पोटाशी धरून बराच वेळ तिथेच उभा राहिला. मारिविकने कोपराने ढोसल्यावर तो काउंटरवर वाकला.

"ती शपथ," त्याने लीझेलला हळूच विचारलं, "कुठे घेतात हो?"