चौथ्या शिट्टीला हसणे

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता कुंभकोणमच्या विठ्ठल मठाच्या अंगणात सरोजा नावाची एक मुलगी धावताना आढळली. वय चार वर्षे. या वयाबद्दल पुढे वाद झाला. धावण्याचे कारण विचारले असता तिने ते सांगितले नाही. ती हसत होती.

ही गोष्ट याच साली, १९५६ च्या ऑगस्ट महिन्यातली. मठाच्या अंगणात बालसंगोपन केंद्र भरत असे. मुलांच्या आया कोणी दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला, कोणी शाळेत शिकवायला जात. जाताना मुले भागीरथीच्या स्वाधीन करत. भागीरथीचा आवाज मोठा होता आणि शिकवण्याची पद्धत सोपी होती. परसात दोन पोफळी होत्या. त्यांची झावळी गळून पडली की ती अंगणात आणून टाकायची आणि आपण बाजूला व्हायचे. झावळीचे बूड पन्हळीसारखे रुंद असते. तिथे एका मुलाने बसायचे, बाकीच्यांनी पानांचे टोक धरून फरशीवरून ओढत न्यायचे. याला मुले 'तेर' म्हणत. तेर म्हणजे देवाचा रथ. देव दर फेरीला बदलत असे आणि वळणावर हमखास पडत असे.

त्या मंगळवारी सरोजा तेराच्या पुढे धावत होती. तिला पाहणारे गृहस्थ म्हणजे केंद्राच्या कमिटीचे अध्यक्ष चंद्रमौली राव. पापनाशम् तालुका कचेरीत त्यांची सगळी नोकरी झाली होती. कागदावर नसलेली वस्तू त्यांना दिसत नसे. डोळे चांगले होते, सवय तशी होती. आज त्यांच्या हातात तंजावरहून आलेले परिपत्रक होते.

"ऐक, भागू," ते म्हणाले. "'केंद्रातील मुलांना दररोज, वयानुरूप, सुरक्षित व आनंददायी व्यायाम देण्यात यावा.' पुढच्या शुक्रवारी साडेदहाला अधिकारीण बाई येऊन पाहणार."

"पाहू देत की, मामा. तेर ओढतात. घाम येतो, भूक लागते, पडतात, रडतात, उठून पुन्हा ओढतात."

"तो खेळ. व्यायाम नव्हे."

"फरक काय?"

"खेळ मुलं आपण होऊन करतात. व्यायाम कोणीतरी करवून घ्यावा लागतो. मुलांनीच आपण होऊन केलं, तर कमिटीनं काय केलं म्हणून लिहाचं?"

पंचवीस मुले बोलत असताना भागीरथीला सगळे सुचत असे; एक अध्यक्ष बोलू लागला की अडचण होई.

"तपासणी होईतोवरच," चंद्रमौली रावांनी समजूत घातली. "मग तुझं तेर तुला. माझा शब्द."

झावळी कोठीत गेली. कोठीला कुलूप लागले. किल्ली एकच होती; ती चंद्रमौली रावांनी आपल्या जानव्याला बांधली. किल्ली हरवू नये म्हणून याहून खात्रीची जागा त्यांना माहीत नव्हती. मुलांनी कुलूप पाहिले. सरोजाने ते हलवूनही पाहिले.

मग कमिटी कामाला लागली. कमिटीत चंद्रमौली रावांखेरीज गुरुमूर्ती राव होते. लग्नाकार्याला पितळेची भांडी आणि जमखाने भाड्याने देण्याचे त्यांचे दुकान होते. देह दुकानाला शोभेसा होता. दोघांनी परिपत्रकातला एकेक शब्द हाती घेतला.

प्रथम 'सुरक्षित'. अंगण दगडी फरशीचे. पडले तर गुडघे फुटणार. गुरुमूर्ती रावांनी उदारपणे दुकानातला सर्वांत मोठा जमखाना आणून अंथरला. निळे-तांबडे पट्टे, कोरा करकरीत. मुले आनंदाने त्यावर उड्या मारू लागली.

"अय्यो! पाय नोको, पाय नोको!" गुरुमूर्ती राव ओरडले. "आवणी महिना लागला की लग्नं आहेत. हा जमखाना मुहूर्ताला जायचाय."

"मग अण्णा, पोरांनी यावर कराचं काय?" भागीरथीने विचारले.

"बसाचं. बसल्यानं जमखाना झिजत नाही."

चंद्रमौली रावांना हे पटले. बसलेले मूल पडत नाही. म्हणजे बसवणे हीच सुरक्षिततेची सर्वांत पक्की व्यवस्था, आणि जमखाना ही त्यानंतरची. तेव्हा ठरले की व्यायाम बसून करायचा. पहिल्या शिट्टीला उजवा हात वर. दुसऱ्या शिट्टीला खाली. तिसऱ्या शिट्टीला श्वास.

"एरवी श्वास घेत नाहीत का?" भागीरथीने विचारले.

"एरवी घेतात, पण एकत्र नाहीत."

यानंतर 'आनंददायी'. हा शब्द दोघांना जड गेला. आनंद झाला हे तपासणीत दाखवायचे कसे? मुले हसली पाहिजेत. पण मधेच हसली तर व्यायामात व्यत्यय. म्हणून चौथी शिट्टी ठेवण्यात आली. चौथ्या शिट्टीला हसायचे, आणि पाचव्या शिट्टीला थांबायचे.

तालमीत पहिल्या दिवशी मुले दुसऱ्याच शिट्टीला हसली, कारण हात खाली कसा घ्यायचा हे दाखवताना गुरुमूर्ती रावांचे पोट त्यांच्या आधी खाली गेले. चंद्रमौली रावांनी हे हसू अनधिकृत ठरवले. मग चौथ्या शिट्टीला एकजणही हसला नाही. दोन मुले रडली.

"रडणं आनंददायीत बसत नाही, भागू. यांना घरी सराव कराला सांग."

घरी सराव झाला. कुंभकोणमच्या कित्येक मराठी घरांत त्या आठवड्यात संध्याकाळी आई किंवा बाप पितळेच्या पेल्यावर पळी आपटून मुलाला हसायला बसवत होते. मुले हळूहळू चांगली हसू लागली. भागीरथी ऐकत असे आणि तिला आपल्या सासऱ्यांचे खोटे दात आठवत. तेही असेच ठरल्या वेळी बाहेर येत.

'वयानुरूप' हा शब्द आला तेव्हा सर्वांच्या जन्मपत्रिका मागवण्यात आल्या, कारण दुसरा कुठला पुरावा घरांत नव्हता. पत्रिकांवरून दोन गट झाले. मोठी मुले खर संवत्सरातली, धाकटी नंदन संवत्सरातली. मोठ्यांनी हात डोक्याच्या वर न्यायचा, धाकट्यांनी कानापर्यंत. सगळे सुरळीत चालले होते. एवढ्यात सरोजाची पत्रिका निघाली.

सरोजा आपला पाडवा झाल्यावर आणि तमिळ वर्ष लागण्याआधी, मधल्या दिवसांत जन्मली होती. मराठी हिशोबाने तिचे संवत्सर नंदन. तमिळ हिशोबाने खर. घरात ती धाकटी होती आणि उंबऱ्याबाहेर पडताच मोठी होत होती.

"आपण मराठी. आपला पाडवा धरा," गुरुमूर्ती राव म्हणाले.

"सरकार तमिळ आहे," चंद्रमौली राव म्हणाले. "तपासणीत आपला पाडवा कोण धरणार?"

"मामा, तिलाच विचारा की, हात कुठवर जातो ते," भागीरथी म्हणाली.

सरोजाने हात वर केला. तो चांगला डोक्याच्या वर गेला. मग तिने दुसराही केला, उभी राहिली, आणि दोन्ही हात वर ठेवून कोठीच्या दाराकडे धावत सुटली.

"पाहिलंस?" चंद्रमौली राव म्हणाले. "वय ठरलेलं नसलं की असं होतं."

निर्णय लागेपर्यंत सरोजाने दोन्ही गटांच्या मध्ये, खांबाला टेकून बसावे आणि कोणताही व्यायाम करू नये असे ठरले. तिच्या वयाला साजेसा व्यायाम कोणता हे ठाऊक नसताना तो तिला देणे बेजबाबदारपणाचे झाले असते.

उरला 'दररोज'. दररोज म्हणजे शुक्रवारीही. आणि शुक्रवारी साडेदहाला राहुकाळ सुरू होतो, तो बारापर्यंत. राहुकाळात या गावात कोणी नवे दुकान उघडत नाही की नवरी पाहायला जात नाही. व्यायाम सुरू करणे तर दूरच. आयांनी साफ सांगितले. परिपत्रकात साडेदहा, पंचांगात राहुकाळ. दोन्ही कागद चंद्रमौली रावांना सारखेच पूज्य होते. रात्रभर त्यांना झोप लागली नाही. सकाळी तोडगा घेऊनच ते आले.

"राहुकाळात सुरू कराचं नसतं. आधी सुरू केलेलं चालू ठेवाला हरकत नाही. लोक प्रवासाला निघायचं असलं तर पिशवी आधी शेजारी नेऊन ठेवतात की नाही? तसं. दहा पंचविसाला पहिली शिट्टी. हात वर. व्यायाम सुरू झाला. बाई आल्या की दुसरी शिट्टी."

शुक्रवारी दहा पंचविसाला पहिली शिट्टी झाली. हात वर गेले.

साडेदहाला बाई आल्या नाहीत. तंजावरहून येणारी त्यांची बस पापनाशम् इथे रेल्वे फाटकापाशी अडकली होती, हे नंतर कळले. पावणेअकरा झाले. हात खाली घ्यावेत तर व्यायाम संपला, आणि पुन्हा वर घ्यावेत तर राहुकाळात सुरू झाला. चंद्रमौली राव घड्याळाकडे पाहत दारात उभे राहिले. भागीरथीने त्यांची पाठ वळलेली पाहिली आणि हळूच म्हटले, "घ्या रे खाली. कोणी पाहत नाही."

कोणी घेतला नाही.

"अरे, मी सांगत्ये. घ्या खाली, बाळांनो."

मुलांनी तिच्याकडे पाहिले. मग शिट्टीकडे पाहिले. ती चंद्रमौली रावांच्या मुठीत होती. एका मुलाचा हात आपोआप खाली येऊ लागला; त्याने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. या अंगणात भागीरथीचे कोणी ऐकले नाही असा हा पहिलाच प्रसंग होता. ती जाऊन खांबापाशी, सरोजाशेजारी बसली.

अकरा वाजून गेल्यावर अधिकारीण धनलक्ष्मी अम्माळ आल्या. पदराने घाम पुसत दारातून आत पाऊल टाकले आणि जागच्या जागी थांबल्या. निळ्या-तांबड्या पट्ट्यांवर मुले ओळीने बसली होती. हात वर. हालचाल नाही. आवाज नाही. चंद्रमौली रावांनी दुसरी शिट्टी दिली, तिसरी दिली, चौथी दिली. अंगणभर एकसारखे हसू उमटले आणि पाचव्या शिट्टीला कात्रीने कापल्यासारखे थांबले.

"रायर," बाई रावांना तमिळमध्ये म्हणाल्या, "मी जिल्हाभर हिंडते. जिथं जावं तिथं मुलं धावतात, पडतात, माझ्या पदराला हात पुसतात. असं केंद्र मी पाहिलं नाही."

भागीरथी उठली. "अम्मा, ही मुलं अशी नाहीत. ही तेर ओढतात. तुम्ही एकदा पाहा, फार मजा..."

"तेर? साधन आहे तुमच्याकडे? कुठं आहे?"

"कोठीत. कुलुपात."

"नीट जपलंय," बाई कौतुकाने म्हणाल्या. "नाहीतर लोक साधनं मुलांच्या हातात देतात." मग खांबाकडे पाहून त्यांनी विचारले, "आणि ही?"

"तिच्या वयाचा निर्णय व्हायचाय," चंद्रमौली राव म्हणाले.

बाईंनी समजुतीने मान हलवली. त्यांच्या कचेरीतही असे काही जण होते.

केंद्र आदर्श ठरले. इतर केंद्रांच्या चालकांनी कुंभकोणमला जाऊन पद्धत पाहून यावी असे वरून कळवण्यात आले. गुरुमूर्ती रावांनी जमखाना लग्नाला न पाठवता केंद्राला दिला. भागीरथी मात्र त्याच संध्याकाळी चंद्रमौली रावांच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली.

"मामा, तपासणी झाली. आता किल्ली."

"शब्द म्हणजे शब्द," ते म्हणाले. "पण आज शुक्रवार, घरातून वस्तू बाहेर देत नाहीत. उद्या शनिवार. मंगळवारी श्रावणी होऊ दे. मग ये."

मंगळवारी श्रावणी झाली. चंद्रमौली रावांनी कावेरीच्या घाटावर मंत्र म्हणून नवे जानवे घातले आणि जुने विधीप्रमाणे नदीत सोडले. कावेरीला पाणी भरपूर होते. घरी येऊन कॉफीचा पेला तोंडाला लावल्यावर त्यांचा हात छातीकडे गेला.

कुलूप फोडता येईल. त्यासाठी कमिटीचा ठराव लागतो. ठरावात कारण द्यावे लागते, आणि आदर्श ठरलेल्या केंद्राला काही बदलण्याचे कारण काय, हे अद्याप कोणाला लिहिता आलेले नाही. भागीरथी रोज विचारते. परसात पोफळीची नवी झावळी गळाली होती. ती साधन म्हणून उचलून दुसऱ्या खोलीत ठेवण्यात आली. त्या खोलीलाही आता कुलूप आहे.

दरम्यान केंद्राची कीर्ती पसरली. सकाळी मठाच्या दारात पालकांची रांग लागते. स्वामीमलैचे एक मूर्तिकार मुलाला घेऊन आले होते. "मी दिवसभर मूर्ती घडवतो," ते म्हणाले. "ठेवली तिथं राहते. हा राहत नाही. घरी आल्यावरही असाच बसेल ना?" पापनाशम् आणि तिरुक्करुगावूरचे लोकही हेच विचारतात. रांगेत शिकलेली, वाचणारी, मुलांवर मनापासून माया करणारी माणसे आहेत. तुमच्याआमच्यातलीच. मुलांना व्यायाम हवा याबद्दल त्यांच्यात दुमत नाही.

आज सकाळी दहा चाळीसला, व्यायाम चालू असताना, पहिली शिट्टी झाली होती आणि दुसरी व्हायची होती, तेव्हा खांबाला टेकून बसलेली सरोजा मोठ्याने हसली. थांबवूनही थांबेना. त्या वेळी ती दाराकडे पाहत होती. दारात फक्त पालकांची रांग होती. ओळीने, हातात अर्ज, मुकाट्याने, न हलता.

शिट्टी झालेली नसताना तिला हसू कशाचे आले याची चौकशी चालू आहे.