मास्तर बिघडतो का?

सरळ माणूस बघायचा असेल, तर तो चिंचवडला कंपनीच्या गेटवर सकाळी आठ वाजता बघावा, असं धोंडीबांचं मत होतं. म्हणजे स्वतःबद्दलच!

धोंडीबा टाइमकीपर होते. आठचा भोंगा थांबला, की ते लाल शाईचं पेन उघडत. त्यानंतर आत येईल त्याला लेटमार्क! मग तो वेल्डर असो, नाहीतर मॅनेजरचा मेहुणा असो. महिन्यात तीन लेटमार्क झाले, की अर्ध्या दिवसाचा पगार गेलाच. "उद्या सख्खा जावई उशिरा आला, तरी लाल शाई!" असं ते छाती पुढं काढून सांगत.

आणि जावई येण्याचा योग खरोखरच जवळ आला होता. महाळुंग्याचे साहेबराव त्यांच्या कस्तुराला बघून गेले होते. त्यांचा मुलगा कोंडीराम याच कंपनीत फिटर. मुलामुलीची एकमेकांना पसंती होती. पण "कळवतो" म्हणून गेलेले साहेबराव महिना झाला तरी काही कळवेनात. कस्तुरा रोज पोस्टमनच्या वेळेला दारात जाऊन उभी राही. तिचा उतरलेला चेहरा बघून धोंडीबांच्या घशाखाली घास उतरत नसे.

"त्यांना आपल्या घरचं वळण बघायचं असंल," त्यांची बायको तानुबाई म्हणाल्या.

"मग दाखवू की वळण! असं दाखवू, की डोळे दिपतील!"

कंपनीच्या स्नेहसंमेलनात पेंट शॉपच्या लक्ष्मणरावांनी लिहिलेलं नाटक होतं, आणि त्यात धोंडीबा झाले होते आदर्श मास्तर! हा मास्तर पहिल्या अंकात आपल्या ताटातली भाकरी भुकेल्याला देतो, दुसऱ्या अंकात शाळेसाठी राहतं घर विकतो. तिसरा अंक अजून लिहून व्हायचा होता. पण दोन अंकांत एवढं पुण्य केल्यावर तिसऱ्यात मास्तरचा पुतळाच उभा राहणार, याबद्दल धोंडीबांना शंका नव्हती. त्यांनी साहेबरावांना निरोप धाडला, "सहकुटुंब या. माझं काम बघा!"

नाटकाला चार दिवस राहिले आणि तिसरा अंक हातात पडला. मास्तर दारू पितो! शाळेची जागा गुत्तेवाल्याला विकतो! आणि शेवटी एका विधवेच्या चुलीवरचं पातेलं लाथेनं उडवतो!

"लक्ष्मणराव, मास्तर बिघडतो का?"

"म्हणजे काय? आपल्या नाटकात हिंदुराव हिरो आहे. शेवटी त्यानं मारायचं कुणाला?"

"पण कारण काय?"

"बिघडतो म्हणजे बिघडतो! दूध नासतं, तेव्हा काय कारण सांगतं का?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत धोंडीबांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी तर लक्ष्मणराव शिडीवर चढून बॅनर रंगवत होते, तिथं खाली उभं राहून विचारलं. "वीस वर्षं सरळ वागलेला माणूस एका दुपारीत वाकडा होतोच कसा? मला पटलं पाहिजे!" लक्ष्मणरावांनी हातातला ब्रश त्यांच्या डोक्यावर टाकला. चुकून पडला, असं ते म्हणाले.

शेवटी धोंडीबांनी दुसरी युक्ती काढली. महाळुंग्याकडची एसटी सहाला. मध्यंतर दुसऱ्या अंकानंतर, पावणेसहाला. तेव्हा तानुबाईंनी पाहुण्यांना "गाडी चुकंल हां" म्हणून उठवायचं. पाहुणे आदर्श मास्तर मनात घेऊन घरी!

रविवारी तीन वाजता कँटीनच्या हॉलबाहेर वीटभट्टीचा ट्रक येऊन थांबला. त्यातून साहेबराव उतरले, आणि त्यांच्या मागून सतरा माणसं!

"जयभीम! ट्रकच आणलाय. आता बशीची घाई न्हाई. नाटक पुरं बघूनच जाऊ!"

धोंडीबांच्या युक्तीवर पाणी पडलं. तरी पहिले दोन अंक त्यांनी असे रंगवले, की कँटीनचा आचारीसुद्धा डोळे पुसायला लागला. पाहुणे मात्र पहिल्या रांगेत चिडीचूप बसले होते. टाळी नाही, की हसू नाही. भारावून गेलेत, धोंडीबा मनाशी म्हणाले. आता काय वाट्टेल ते होवो, बिघडायचं नाही!

तिसरा अंक सुरू झाला. मारुतराव वेल्डर लुगडं नेसून, विधवा होऊन चुलीपाशी बसले होते. चुलीवर पातेलं होतं, तेही तानुबाईंच्या घरचं. मास्तर झोकांड्या खात यायचा, तो ताठ चालत आला आणि म्हणाला, "जेवलीस का, बाई?"

मारुतरावांना पाठ असलेलं वाक्य एकच होतं. "नराधमा!"

"सरपण आणून देऊ?"

"नराधमा!" मारुतराव रडकुंडीला आले.

तेवढ्यात हिंदुराव उडी मारून आत आले. "दुष्टा, विधवेची चूल मोडतोस?" असं ओरडून त्यांनी खाली पाहिलं. चूल धडधाकट होती. मास्तर फुंकणीनं जाळ फुंकत होता!

हॉल हास्यानं फुटायच्या बेतात आला. विंगेतून लक्ष्मणराव ओरडले, "अरे, लाथ मार! लाथ मार!"

"आधी कारण सांगा!" धोंडीबाही ओरडले.

"मी सांगतो!" मागून कुणीतरी हाक दिली. "मास्तरला लेटमार्क द्या! आपोआप बिघडंल!"

मग मात्र सगळा हॉल लोळायला लागला. शिट्ट्या, टाळ्या, "लाल शाई! लाल शाई!" धोंडीबांनी समोर पाहिलं. कस्तुरानं लाजेनं तोंड पदरात लपवलं होतं. इतकी वर्षं इमानानं वागलो, आणि हीच माणसं माझ्या लेकीसमोर मला हसतात?

"हसता?" ते कडाडले, आणि अशी सणसणीत लाथ घातली, की पातेलं उडून थेट साहेबरावांच्या पायाशी जाऊन आदळलं!

"अहो, माझं पातेलं!" तानुबाई किंचाळल्या.

पुढची पंधरा मिनिटं धोंडीबा असे काही बिघडले, की हिंदुरावांना त्यांना मारायला दोन माणसं मदतीला घ्यावी लागली.

पडदा पडला तसे धोंडीबा खोक्यावर मटकन बसले. लेकीचं लग्न आपणच लाथेनं उडवलं, असं वाटून त्यांचे डोळे भरून आले. एवढ्यात चेपलेलं पातेलं हातात घेऊन साहेबराव आत आले.

"पातेलं घ्या. आन् तारीख काढा."

"कसली?"

"लग्नाची! खरं सांगू का? आमी तुमालाच भीत हुतो. पोरानं ह्याच महिन्यात तुमच्याकडून दोन लेटमार्क खाल्लेत. म्हटलं, असला देवमाणूस याही झाला, तर आमी जलमभर ताठच बसायचं का? पहिलं दोन अंक तर आमच्या मान्सांनी श्वास सुदिक घेतला न्हाई. तुमी लाथ मारली, तवा जिवात जीव आला. मानूस हाय आपल्यासारखा!"

धोंडीबांच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्यांनी साहेबरावांना मिठीच मारली, पातेल्यासकट.

सोमवारी आठचा भोंगा थांबला आणि गेट लावलं गेलं. आठ वाजून चार मिनिटांनी कोंडीराम सायकल हातात धरून धापा टाकत आला. चेन पडली होती, हात तेलकट. तिसरा लेटमार्क! धोंडीबांनी लाल पेन उघडलं. कोंडीरामकडे पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. हे घड्याळ ते स्वतः रोज रेडिओशी मिळवत असत.

"जा आत," ते खालमानेनं पुटपुटले. "घड्याळ चार मिनिटं पुढं आहे."

कोंडीरामच्या मागं लक्ष्मणराव उभे होते. त्यांनाही उशीर झाला होता. ते गालातल्या गालात हसले.

"काय धोंडीबा, कळलं का आता, मास्तर का बिघडला?"

धोंडीबांनी रजिस्टर पुढं ओढलं आणि लक्ष्मणरावांच्या नावापुढं लाल शाईनं ठळक अक्षरांत लिहिलं: चार मिनिटं उशीर.