पहिल्या खुर्चीची मोजणी

कार्यक्रमाआधी कुणी कलाकार देवाला हात जोडतो, कुणी लवंग चघळतो. आमचे देवरे टेप काढायचे. शिंप्याची नव्हे, शेतं मोजायची. तिचं एक टोक माइकच्या दांड्यापाशी मी बुटाने दाबून धरायचं आणि दुसरं टोक घेऊन ते पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीपर्यंत उलटे चालत जायचे. अंतर बारा फूट भरलं पाहिजे. नाही भरलं तर खुर्ची सरकणार, मग तिच्यावर नगरसेवक बसलेला का असेना. भरलं की खिशातला खडू काढून खुर्चीच्या चारही पायांभोवती गोल आखायचे आणि म्हणायचे, "हद्द कायम." एवढं झाल्यावर हा माणूस स्टेजवर जाऊन विनोद सांगायचा.

'हद्द कायम' ही आमच्या ऑफिसची भाषा. आम्ही दोघं नाशिकला जमीन मोजणीच्या ऑफिसात. भावाभावांत बांधावरून भांडण लागलं की शेत मोजून हद्दीच्या खुणा पक्क्या करून द्यायच्या, त्याला हद्द कायम करणं म्हणतात. देवरे हे काम करत तालुके हिंडायचे. मी, दाणी, आवक-जावकच्या टेबलाशी बसून त्यांच्या मागोमाग येणाऱ्या दोन्ही भावांच्या अर्जांवर शिक्के मारायचो.

देवरे मूळचे बागलाणातले. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत त्यांनी कुणाला हसवल्याची नोंद नाही. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी डबा खाल्ला, पण 'बरं' आणि 'बघू' यांच्यापलीकडे मी त्यांच्याकडून फारसं काही ऐकलं नव्हतं. मिशी मात्र अशी भरघोस, की बांधावर भांडणारे भाऊ तिच्याकडे बघूनच निम्मे गार व्हायचे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. ऐन मे महिन्यात एका सोमवारी देवरे ऑफिसात आले ते मिशी काढून. डोक्यावर उन्हाची टोपी होती. आता आपल्याकडे पुरुषाची मिशी जाते ती बाप गेला की. टोपीखाली केस आहेत की नाहीत हे बघायची कुणाची हिंमत झाली नाही आणि विचारायची तर त्याहून नाही. संध्याकाळी आम्ही चौघं पडेल चेहऱ्यांनी त्यांच्या सिडकोतल्या घरी भेटायला गेलो. आमच्या गद्रेबाईंनी जिन्यातच पदर डोळ्यांना लावला होता. दार उघडलं ते देवऱ्यांच्या वडिलांनी. धोतर, बंडी, तळहातावर तंबाखू. आमची तोंडं बघून म्हातारा घाबरला.

"कोन मरी गया रे भो?" त्याने विचारलं.

आम्ही सहज आलो, असं मी सांगितलं. चौघं जण सहज येतात आणि त्यांतली एक रडत असते, हे म्हाताऱ्याला पटलं नसावं. मिशी का काढली म्हणून विचारलं तेव्हा देवरे म्हणाले, गरम होत होतं.

चहा देवऱ्यांच्या बायकोने आणला, सुमनवहिनींनी. गद्रेबाईंनी त्यांना काहीबाही विचारलं. वहिनींनी ना वर बघितलं, ना उत्तर दिलं. कप ठेवले आणि आत गेल्या. परत येताना रिक्षात आमचा निकाल लागला होता, की बाई गर्विष्ठ आहे.

त्याच वर्षी ऑफिसच्या स्नेहसंमेलनात देवऱ्यांनी नाव दिलं. मिशी काढल्यापासून माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं आम्ही धरून चाललो. ते टेप घेऊन आले, मोजणी केली, खडूचे गोल काढले, त्या खुर्चीवर वहिनींना बसवलं आणि स्टेजवर जाऊन म्हणाले, "हसू नका, चालेल. पण तोंडाकडे बघा."

मग त्यांनी चहाची गोष्ट सांगितली. "मोजणीला गेलो की दोन्ही भाऊ चहा करतात. थोरल्याचा प्यालो की धाकटा म्हणतो, साहेब फितूर झाला. धाकट्याचा प्यालो की थोरला म्हणतो, साहेब फुटला. म्हणून एकदा मी बरोबर बांधावर बसून चहा प्यालो. तर दोघं अर्ज घेऊन आले, साहेब, कप कुणाच्या हद्दीत ठेवला होता ते मोजून द्या."

निम्म्या ऑफिसने असे अर्ज वाचलेले होते. लोक खुर्च्यांवरून घसरायचे बाकी राहिले. मोठे साहेब रुमालाने डोळे पुसत होते. दुसऱ्या दिवसापासून ते मेमो देतानासुद्धा म्हणायला लागले, हसू नका, चालेल.

इथून देवरे सुटलेच. आठवडाभर शेतं मोजायची, शनिवार-रविवारी खुर्च्या. आधी गणपतीच्या मंडळांत, मग नाशिक रोडच्या एका ऑर्केस्ट्रात. दोन गाण्यांच्या मधे गायिका साडी बदलून येईपर्यंत लोकांना धरून ठेवायचं, हे त्यांचं काम. पुढे पुढे लोक ओरडायला लागले, की बाईंना म्हणावं सावकाश बदला. कार्यक्रम ठरवणं आणि पिशवी सांभाळणं मी स्वतःहून अंगावर घेतलं. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मलाही घरी तसं काही काम नव्हतं.

माइकवाल्यांशी मात्र दर कार्यक्रमाला भांडण. देवरे माइक धरायचे बेंबीपाशी. मागून लोक ओरडायचे, वर घ्या. माइकवाला येऊन वर करून द्यायचा, देवरे पुन्हा खाली. तोंड झाकतं, एवढंच म्हणायचे. सुदैवाने अर्धं आयुष्य शेताच्या पलीकडच्या टोकाला साखळी धरून उभ्या असलेल्या माणसाला हाका मारण्यात गेलेलं, त्यामुळे आवाज पोचायचा. शब्द असा चावून चावून बोलायचे, की जणू भाकरी शिळी आहे. एका जागी हद्दीच्या दगडासारखे उभे राहायचे. मान इकडे नाही, तिकडे नाही. विनोद झाला की लोक हसून गप्प झाले तरी आणखी क्षणभर थांबायचे, मगच पुढचं वाक्य. या थांबण्याचं ऑर्केस्ट्राच्या मालकाला फार कौतुक. नव्या पोरांना सांगायचा, टायमिंग शिका.

वहिनी प्रत्येक कार्यक्रमाला त्याच खुर्चीत. परीक्षेला बाहेरून आलेल्या मास्तरणीसारख्या ताठ बसून नवऱ्याकडे एकटक बघायच्या. हसायच्या, पण सगळ्यांच्या नंतर. लोक हसतात की नाही हे आधी बघून मग ही बाई हसते, असं माझं मत होतं आणि मी ते चार लोकांत बोलूनही दाखवलं होतं.

देवऱ्यांच्या स्कूटरचा आरसा हाही माझ्या टिंगलीचा विषय. आरसा असतो मागचा रस्ता बघायला. देवऱ्यांच्या आरशात देवरेच. मी मागून माझ्या लूनावर हॉर्न वाजवून वाजवून थकायचो, पण यांना पत्ता नाही. मिशी गेल्यापासून माणूस स्वतःच्या तोंडावर खूश आहे, असं मी म्हणायचो. तेही हसायचे. आरसा सरळ केला नाही तो नाहीच.

एकदा भर पावसाळ्यात इगतपुरीला कार्यक्रम होता. तिथलं धुकं काही रस्त्यावर थांबत नाही. खिडक्यांतून थेट हॉलमध्ये शिरलं आणि पहिल्या रांगेत येऊन बसलं. मोजणी झालेली, लोक जमलेले, आणि देवरे म्हणाले, खिडक्या लावल्याशिवाय मी उभा राहणार नाही. आयोजकाने माझ्याकडे बघितलं. विनोदाला धुक्याने काय होतं, याचं उत्तर मलाही हवं होतं. शेवटी फुगलेल्या खिडक्या खांद्याने रेटून लावल्या, तेव्हा कार्यक्रम सुरू झाला. ही कलावंताची लहर, असं मी आयोजकाला सांगितलं आणि स्वतःचीही समजूत घातली.

मग ते दिवस आले, टीव्हीवर हसवायच्या स्पर्धा सुरू झाल्या तेव्हाचे. मुंबईहून एका चॅनेलचा माणूस नाशिकला माणसं बघायला येणार, असा निरोप ऑर्केस्ट्रावाल्याने आणला. देवरे तेव्हा पन्नाशी ओलांडून गेलेले. "दाणी, हे मात्र व्हायला पाहिजे," असं ते मला म्हणाले. कशालाही 'बघू' म्हणणारा माणूस असं बोलला, म्हणजे काय ते ओळखा. नवा शर्ट शिवला. मोजणीला जाताना मोटारीत मागे बसून ओठ हलवत राहायचे, ड्रायव्हरला वाटायचं जप चाललाय.

त्या दिवशी संध्याकाळी मोजणी झाली, खडू झाला. एरवी मी विंगेत थांबायचो. त्या दिवशी म्हणाले, वहिनींशेजारी बसा. पिशवी मांडीवर घेऊन मी बसलो. चॅनेलचा माणूस आमच्या मागच्याच रांगेत होता आणि पहिल्या दोन मिनिटांत तो खुर्चीत पुढे सरकून बसला, हे मी मान वळवून बघून घेतलं.

देवरे चहाच्या गोष्टीवर आले. गोष्टीतल्या बांधावर बसले. कप हातात घेतला. आणि दिवे गेले.

लोडशेडिंगला तेव्हा कुणी दचकत नसे. हॉलला छोटं जनरेटर होतं, त्यावर फक्त माइक चालायचा. चॅनेलचा माणूस अंधारातून म्हणाला, चालू ठेवा, आवाज येतोय. आयोजकही तेच म्हणाला. देवरे गप्प. लोक थोडा वेळ थांबले, मग कुजबुज सुरू झाली. विसरला वाटतं, असं मागे कुणीतरी म्हणालं. इतक्या वर्षांचं या माणसाचं सगळं आता इथे, माझ्यासमोर वाया जाणार, असं वाटलं.

तेवढ्यात माझं मनगट कुणीतरी घट्ट धरलं. वहिनी होत्या. आणि त्या शेतातून हाक मारावी तशा मोठ्या, सपाट आवाजात मला विचारत होत्या.

"भाऊजी, ते बोलतायत का अजून?"

सगळ्या हॉलने ऐकलं. कुजबुज थांबली. मी नाही म्हणालो, पण ते त्यांना कळायचा मार्ग नव्हता. त्यांनी पुन्हा तेच विचारलं.

"दाणी," स्टेजवरून देवरे म्हणाले, "पिशवीतली बॅटरी द्या."

मी चाचपडत जाऊन दिली. देवऱ्यांनी बॅटरी लावली आणि उजेड स्वतःच्या तोंडावर धरला. काळोखात नुसतं एक तोंड, बिनमिशीचं.

"हसू नका, चालेल. पण तोंडाकडे बघा."

हॉल हसून फुटला. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. देवऱ्यांनी गोष्ट जिथे दिवे गेले तिथूनच उचलली, कप बांधावर ठेवला, भाऊ अर्ज घेऊन आले. लोक हसले, गप्प झाले. देवरे थांबले. आणि मग माझ्या शेजारच्या खुर्चीतून एकटं हसू आलं. मला टेप कळली, खडू कळला, इगतपुरीच्या खिडक्या कळल्या आणि मिशीही कळली. मी अंधारात होतो ते बरंच झालं, कारण मला रडू आवरत नव्हतं.

चॅनेलचा माणूस विंगेत येऊन देवऱ्यांचा हात सोडेना. बॅटरीसकट मुंबईला या, म्हणाला. देवऱ्यांनी विचारलं, तिथे पहिली खुर्ची किती लांब असते. तो म्हणाला, मधे कॅमेरे असतात, प्रेक्षक मागे, अंधारात, आणि बसायला माणसंही आमचीच. एकच खुर्ची पुढे घेता येईल का, असं देवऱ्यांनी पुन्हा विचारलं. तो हसला. त्याला तोही विनोद वाटला असेल. देवरे म्हणाले, मग राहू द्या.

खाली स्कूटरपाशी मी त्यांना गाठलं. दिवे आले होते. वहिनी कार्यक्रमाला आलेल्या गद्रेबाईंबरोबर दारात उभ्या होत्या आणि आज बाई त्यांच्याकडे तोंड करून सावकाश बोलत होत्या. देवऱ्यांनी आपणहून सांगितलं.

"टायफॉइड झाला होता तिला. ताप उतरला, कान गेले. कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली मला. डॉक्टर म्हणाले, ओठ बघून समजेल, सवय करा. पण ती कुणाच्या तोंडाकडे बघेचना. मान खाली घालून बसायची. म्हणायची, लोक मला बघून हसतात." ते किल्ली हातात खेळवत राहिले. "म्हटलं, मला बघून हसू देत. तेवढ्यासाठी तरी मान वर करेल."

"आणि टीव्ही?"

"आवडलं असतं हो. खोटं कशाला बोलू? फार आवडलं असतं." मग त्यांनी स्कूटरला किक मारली. "पण हद्द कायम आहे ना, दाणी. बारा फूट."

मी नेहमीसारखा लूनावर त्यांच्या मागे निघालो. त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला थांबलो. समोर देवऱ्यांचा तो वाकडा आरसा आणि त्यात देवऱ्यांचं तोंड. ते चावून चावून काहीतरी सांगत होते. बहुतेक चॅनेलच्या माणसाची नक्कल असावी. मागे बसलेल्या वहिनी त्यांच्या खांद्यावरून आरशात बघत होत्या. ते बोलून थांबले. क्षणभर काहीच झालं नाही. मग वहिनींची पाठ हलायला लागली आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या, की शेजारच्या रिक्षातली माणसं वळून बघायला लागली. वहिनींनी मान खाली घातली नाही.

सिग्नल सुटला. देवरे आरशात बघत तसेच उभे राहिले. मी काही हॉर्न वाजवला नाही.