पाचवी नोट

माझी धाकटी बहीण नोरीन हिने ज्या हिवाळ्यात तिसरं लग्न केलं आणि पहिल्या दोन्ही नवऱ्यांना एकाच टेबलावर जेवायला बसवलं, त्या हिवाळ्यातली ही हकिकत आहे. स्थळ, केंटकीतल्या आमच्या गावची स्टोक्स यांची खाणावळ. तिथे मी अडतीस वर्षं वाढायचं काम केलं. आमच्याकडे वाढणाऱ्या बाईला मालक तासाला दोन डॉलर तेरा सेंट देतो आणि बाकीचं तिचं पोट गिऱ्हाइकाच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोपवतो. या व्यवस्थेत सर्वांचा मान राखला जातो असं मानतात.

एल्ड्रिज टटल हे आमचे गुरुवारचे गिऱ्हाईक. जिल्ह्याच्या वजनमापे खात्यात त्यांनी बत्तीस वर्षं पेट्रोलपंप आणि खाटकांचे काटे तपासले होते. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा ते मला तपासू लागले. सहा नंबरच्या टेबलावर बसल्याबरोबर ते एक एक डॉलरच्या पाच नोटा केचपच्या बाटलीशेजारी रचून ठेवत. ही माझी टिप. माझ्याकडून चूक झाली की वरची नोट उचलून घडी घालून शर्टाच्या खिशात. तोंडाने अवाक्षर नाही. काटा उशिरा आणला, नोट गेली. पाणी हवं का विचारलं नाही, नोट गेली. दोनदा विचारलं, तरी गेली.

अकरा वर्षांत पाचही नोटा मला कधी मिळाल्या नाहीत. एकदा मात्र मासा, कोशिंबीर, मक्याचा पाव असं सगळं निर्विघ्न पार पडून मी केळ्याच्या पुडिंगपर्यंत पोचले होते. तेवढ्यात त्यांचा हात हलला.

"आता काय झालं, टटलसाहेब?"

"डोळ्यांवर ऊन येतंय."

"ऊन काही मी पाठवत नाही."

"पडदा तुझ्याकडे आहे, आर्डिथ."

पडदा माझ्याकडे होता, हे मला मान्य करावं लागलं.

चांगली गोष्ट गावात पसरायला वेळ लागत नाही. आधी ट्रॅक्टरवाले, मग बँकेतल्या बाया, मग सगळेच टेबलावर नोटा रचू लागले. बायकोसमोर ज्यांचं घरात काही चालत नव्हतं, ते माझ्यासमोर नोट उचलताना खुर्चीत जरा ताठ बसत. आमचे पाद्री व्हीलॉक पाच नोटा ठेवत त्या वीस वीस डॉलरच्या दिसत. उलटून पाहिल्या की मागे छापलेलं असे, खरी संपत्ती स्वर्गात आहे. त्यांच्या टेबलावर मी मुद्दाम कॉफी सांडत असे, म्हणजे जाताना ते पाचही परत नेत.

इथवर हा गावचा प्रेमळ चाळा होता. त्याचा कारभार झाला तो मालकांच्या जावयामुळे. केंडल नावाचा हा होतकरू माणूस सिनसिनाटीला दोन दिवसांच्या व्यवस्थापन शिबिराला जाऊन आला होता आणि परतल्यापासून त्याला खाणावळीत काहीच नीट दिसत नव्हतं. गिऱ्हाइकांनी नोटा उघड्यावर ठेवाव्यात हे त्याला अशास्त्रीय वाटलं. त्याने प्रत्येक टेबलावर नोटांसाठी स्टीलचं स्टँड बसवलं आणि शेजारी चौतीस चुकांची यादी लावली. सात नंबरची चूक, कॉफी थंड असणे. एकोणीस, हसण्यास विलंब. वीस, अकारण हसणे. ती यादी मला पूर्ण वाचता आली. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी वाचनालयाच्या तळघरात अक्षरं शिकले, त्याचा हा पहिला मोठा उपयोग.

चुकीबद्दल मतभेद झाल्यास मंगळवारी अपील. अपील ऐकायला तीन जणांची समिती, आणि निःपक्षपातीपणासाठी तिघेही गिऱ्हाइकांतलेच.

मी केंडलला म्हणाले, त्यापेक्षा टिप बंद करून आम्हाला सरळ पगार दे. ही कल्पना त्याला आधुनिक वाटली, म्हणून त्याने गिऱ्हाइकांची सभा बोलावली. टिप ही पद्धत माणुसकीला काळिमा आहे, असा ठराव एकमताने मंजूर झाला. पाद्री तर गहिवरले. मग केंडलने सांगितलं की त्यासाठी प्रत्येक ताटामागे दोन डॉलर वाढवावे लागतील. सभेतले लोक आपापल्या टोप्या शोधू लागले. शेवटी मिसेस लूमिस उठल्या. त्यांचा नवरा विमा विकायचा.

"पैशांचं काही नाही हो," त्या म्हणाल्या. "पण पगार ठरलेला असला तर ही आमच्याशी गोड कशाला वागेल?"

यावर उत्तर माझ्याकडे होतं, पण मी सभासद नव्हते. पद्धत कायम राहिली, काळिमा लागल्याचा ठरावही कायम राहिला.

नव्या वर्षापासून केंडलने सरासरी सुरू केली. तीन महिन्यांत मिळालेल्या नोटांची सरासरी दर टेबलामागे तीनच्या खाली गेली, तर त्या बाईला सन्मानपूर्वक सेवामुक्ती. मी सदुसष्ट वर्षांची होते, गुडघे माझ्याहून मोठे होते, आणि दुसरीकडे कुठे मला कोणी ट्रे धरू दिला नसता. मार्चच्या शेवटच्या गुरुवारी दुपारी केंडलने हिशेब मांडून मला बाजूला घेतलं.

"आर्डिथबाई, आज टटलसाहेबांचं टेबल शेवटचं. पाच मिळाल्या तर तुम्ही राहता. चार मिळाल्या तर नियमापुढे माझा नाइलाज आहे."

"त्यांनी अकरा वर्षांत कधी पाच दिल्यात का रे बाळा?"

"म्हणजे सुधारणेला वाव आहे," केंडल म्हणाला.

त्या दुपारी मी पडदा आधीच ओढला. काटा आधीच आणून ठेवला. पाणी एकदाच विचारलं. हसले ते ना उशिरा, ना अकारण. मासा झाला, पाव झाला, कॉफी दिली. टटलसाहेब पुडिंगचा शेवटचा घास खाऊन चमचा चाटत होते आणि स्टँडवर पाचच्या पाच नोटा होत्या. त्यांनी यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत त्यांनी प्रथमच ताटाकडे न पाहता माझ्याकडे पाहिलं. वरची नोट उचलली. आणि मान खाली गेली.

नोट मुठीत होती. हात, मी उभी होते ती जागा आणि त्यांचा खिसा, यांच्या बरोबर मधोमध थांबला होता. वजनमापे खात्याचा माणूस, मध्य अचूक साधला होता.

रुग्णवाहिका यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात केंडलने त्या टेबलाचा फॉर्म भरायला घेतला. त्यात एक रकाना होता, 'ग्राहक समाधानी होऊन गेला काय?' त्याने तो बराच वेळ कोरा ठेवला. शेवटी ठरलं की नोट स्टँडवरून उचलली गेली आहे, सबब चार. मी म्हणाले, ती त्यांनी माझ्या हातात द्यायला उचलली होती. केंडल म्हणाला, मंगळवारी या.

मंगळवारी समितीत पाद्री व्हीलॉक, मिसेस लूमिस आणि बँकेतली एक बाई होती. समितीला कॉफी द्यायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ती मीच दिली. बसताना त्यांनी सवयीने नोटा रचल्या. मयताचा हेतू काय असावा यावर तासभर गंभीर चर्चा झाली. पाद्री म्हणाले, हेतू देव जाणे. मिसेस लूमिस म्हणाल्या, देवाला समितीपुढे बोलावता येत नाही, त्यापेक्षा पुरावा पाहू. पुरावा एकच होता. रुग्णवाहिकेच्या माणसाने आपल्या जबाबात लिहिलं होतं की टेबलावरची कॉफी थंड होती.

"ते मरून चाळीस मिनिटं झाली होती," मी म्हणाले.

"ते खरं गं," मिसेस लूमिस हळुवारपणे म्हणाल्या. "पण थंड होती ना?"

चूक क्रमांक सात. चाराच्या तीन झाल्या. त्यांच्यासमोर पुसायला नको होते ते डोळे मी अॅप्रनने पुसले, तेव्हा मिसेस लूमिस यांनी स्टँडवरची एक नोट उचलली. अॅप्रनचा अयोग्य वापर, चूक क्रमांक एकतीस.

मला सन्मानपूर्वक मुक्त करण्यात आलं. टटलसाहेबांची मूठ कोणी उघडली नाही, ती नोट त्यांच्याबरोबर पुरली गेली.

तुम्ही हे सगळं बसल्या जागी वाचलंत. वाचायला बसताना माझ्यासाठी पाच नोटा तुम्हीही रचल्या असतील. नोरीनच्या लग्नाचं अर्धवट सोडलं तिथे एक उचलली असेल, पाद्र्यांची थट्टा केली तिथे दुसरी. किती उरल्या ते सांगू नका. फक्त एवढं पाहा, तुमचा हात आत्ता कुठे आहे.

एल्ड्रिज टटल गुरुवार, २८ मार्च २०१९ रोजी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी सहा नंबरच्या टेबलावर वारले. त्यांना वाढली तेव्हा कॉफी गरम होती.