नानांना शेवट सांगू नका

गेलं वर्षभर पारोळ्याच्या बाजारात भास्करनानांना कोणी हाक मारली की ते आधी दोन्ही कानांत बोटं घालायचे आणि मग विचारायचे, "काय म्हणतोस?" उत्तर ऐकू यायचं नाही. ते येऊ नये, अशीच व्यवस्था होती.

नानांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. वेड मात्र जपानी चित्रकथांचं, म्हणजे मांगाचं. ते लावलं नातीनं, मुक्तानं. शाळेत असताना ती सुटीत पुण्याहून येताना एका खलाशाच्या कथेचे भाग आणायची. शेवटचा भाग दोघांनी मिळून वाचायचा, असं ठरलं होतं. तो निघाला तेव्हा मुक्ता नोकरीला लागली होती. गेल्या दिवाळीला तिला रजा मिळाली नाही. पुस्तक गल्ल्याशेजारी वेष्टनासकट पडून राहिलं.

अडचण नानांनीच ओढवून घेतली होती. युरियाला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी आधीचे भाग वाचायला लावले होते. "हाई नुसतं पोरंसनं काम नही, भाऊ. तठे आजोबाबी वाचतस." तिकडे आगगाडीत कारकून मांगा वाचतात, स्वयंपाकावर मांगा असतो, शेतीवरही असतो, गोष्ट साप्ताहिकात तुकड्यातुकड्यानं येते आणि अख्खा देश पुढच्या अंकाची वाट पाहतो, एवढं गोणी बाहेर येईपर्यंत सांगून व्हायचं. फुग्यांतल्या इंग्रजी संवादांवर नानांनी अहिराणीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. त्यामुळे वादळात सापडलेला जपानी खलाशी म्हणायचा, "आते काय करू, माय?"

मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. हे न ऐकताच नेहमीचे गिऱ्हाईक आत्मारामआबा पुस्तक घेऊन बाकावर बसले आणि लगेच उठून आले.

"नाना, पहिलाच पानवर हिरो बुडी गया. आते काय वाचू?"

"आबा, पुस्तक उलटं धरेल शे तुम्ही."

"मंग सुलटं धरं तं तो वर येई का?"

पुढे आबाच सर्वांत पक्के वाचक झाले. मग हायस्कूलच्या इंग्रजीच्या सरांनी शेवटचा भाग परस्पर मागवला, वाचला आणि चहाच्या टपरीवर सांगून टाकला. खलाशाचं काय झालं, हे आता दुकानाच्या गिऱ्हाइकांत सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त दुकानदाराला नव्हतं.

आबा काउंटरवर कोपर टेकून गालात हसायचे. "नाना, थोडंसं सांगू का?"

"सांगा. मंग कपाशीनं बियाणं जळगावहून आना."

या दिवाळीला मुक्ता आली. शेजारी म्हणून दुपारी फराळाला मी त्यांच्याकडेच होतो. नानांनी वेष्टन फाडण्याआधी तिला विचारलं, "खरं सांग. तू वाचं तं नही ना?"

"नाही, नाना. शपथ."

दोघं झोपाळ्यावर बसली. नाना एकेक चौकट बोटानं दाखवत पुढे सरकत होते. संवाद नसलेल्या चित्रांपाशी जास्त थांबत होते. मुक्ता प्रत्येक वळणावर "अरे बापरे" म्हणत होती. गोष्टीत बंदर जवळ आलं. नानांनी पान उलटायला चिमटीत धरलं आणि मुक्ता खुदकन हसली.

पान अजून उलटलेलं नव्हतं.

तिनं चटकन ओठ मिटले. नानांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग तेही हसले, चांगले मोठ्यानं, आणि त्यानंतर त्यांनी पान उलटलं.