कंटेनरातला हरेश

आमच्या शेजारचा हरेश रोज सकाळी गाण्याच्या तयारीला एका कंटेनरमध्ये जातो, आणि आपण आत असताना कुणीतरी दार लावून तो कंटेनर जहाजावर चढवील, अशी त्याला रोज भीती वाटते. त्याच्या गिटारच्या पिशवीत तारांचा जादा संच, पाण्याची बाटली, ग्लुकोज बिस्किटांचा पुडा आणि पासपोर्ट असतो. पासपोर्ट कशाला रे, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "काका, पोचलोच कुटंतरी, तर कागद तरी नीट पायजेत."

उरणमध्ये कंटेनरांचं कुणाला काय अप्रूप! हरेशचा थोरला भाऊ नरेश ट्रेलरच्या धंद्यात आहे. घरामागे त्यांचं यार्ड. वडिलांच्या वेळी तिथं मिठागर होतं, आता भराव टाकून जमीन केली आहे. यार्डाच्या कोपऱ्यात एक लाल, जुना कंटेनर पडून असतो आणि त्यात जुने टायर ठेवलेले असतात. घरात ट्रेलरचे हॉर्न, नरेशचे फोन आणि वहिनींचा मिक्सर यातून जे उरतं त्यात गाणं बसत नाही, म्हणून हरेश टायरांच्या संगतीत बसून गातो.

हरेश गाणी स्वतः लिहितो, चाल स्वतः लावतो आणि स्वतःच गातो. कुणाच्या कंपनीत नाही, कुणाच्या ऑर्केस्ट्रात नाही. "मी इंडिपेंडंट हाय," असं तो सांगतो. त्यावर वहिनी म्हणतात, "व्हय, जेवायची येल होईस्तवर."

दोन कार्यक्रमांच्या मधला काळ म्हणजे या माणसाच्या भीतीचा हंगाम, आणि तो हंगाम वर्षाचे जवळजवळ सगळे महिने चालतो. अनोळखी नंबरवरून फोन आला की हा उचलत नाही, कारण कार्यक्रमाचं बोलावणं असलं तर? फोन आला नाही की दिवसभर उदास, कारण सगळे आपल्याला विसरले. खाऱ्या वाऱ्यानं तारा गंजतील म्हणून गिटार मच्छरदाणीत झोपते आणि हा बाहेर डासांना देह अर्पण करतो. लग्नातल्या हळदींच्या हंगामात तर तो रस्त्यानं जातानाही कडेकडेनं जातो. कुणाचा डीजे आयत्या वेळी आला नाही की लोकांना हरेश आठवतो. मग हा मांडवात उभा राहून पंक्चर काढणाऱ्या म्हाताऱ्यावरचं आपलं संथ गाणं म्हणतो, आणि नवरदेवाचे मित्र हातवारे तसेच अधांतरी ठेवून एकमेकांकडे बघत राहतात.

मी सरकारी कचेरीतून निवृत्त झालो त्याच आठवड्यात हरेश आमच्या ओटीवर आला. आवाज बारीक करून म्हणाला, "काका, सकालचं काय करता?" काही नाही, असं मी म्हणून बसलो. माणसानं असं कधी म्हणू नये. दुसऱ्या दिवसापासून माझी नेमणूक कंटेनरच्या दारात झाली. प्लास्टिकची खुर्ची, पाठ आतल्या बाजूला, तोंड यार्डाकडे. काम एकच: हायड्रावर, म्हणजे ओझी उचलणाऱ्या त्या पिवळ्या क्रेनवर, लक्ष ठेवायचं. घरी म्हटलं तर बायको म्हणाली, "जा, तिथं निदान कुणी बसायला तरी बोलावतं."

कंटेनरमध्ये झोपलेला एक माणूस थेट परदेशात निघाला, ही गोष्ट त्यानं मला अनेकदा सांगितली आहे. तो माणूस कधी दुबईला उतरायचा, कधी कोलंबोला. एकदा तर आफ्रिकेत उतरून तिथं त्याचं लग्नही झालं. पण सांगताना हरेशच्या कपाळावर खरोखरचा घाम असायचा, त्यामुळे मला हसता येत नसे.

प्रत्येक गाणं संपलं की आतून हाक यायची, "काका, हाय ना?" मी म्हणायचं, "हाय रे." उत्तराला जरा उशीर झाला की गिटार छातीशी धरून तो बाहेर. एकदा उन्हानं माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा तो माझ्यासमोर पासपोर्ट हातात घेऊन उभा होता. "काका, असं करू नका," एवढंच म्हणाला, आणि मला कचेरीतले साहेब रागावले तेव्हाही कधी वाटली नव्हती इतकी लाज वाटली.

भीतीही साथीसारखी लागते. थोड्याच दिवसांत हायड्राचा मागे येतानाचा पिपाणीसारखा आवाज ऐकला की माझ्याच छातीत धडधडायला लागलं. चालवणारा बिचारा विडी ओढायला जरी या बाजूला वळला, तरी मी खुर्चीतून अर्धा उठायचो.

मग मुंबईहून बोलावणं आलं. फोन वहिनींनी उचलला म्हणून, नाहीतर ते आलंच नसतं. एका कॅफेच्या माडीवर, रविवारी दुपारी, अर्धा तास. हरेशचा चेहरा पांढरा पडला, आणि त्याला कारण होतं. मुंबईतल्याच मागच्या कार्यक्रमात दुसऱ्या गाण्याची एक ओळ म्हणून हा अडकला होता. पुढचं आठवेना. माईकवर म्हणाला, "आलो हां, पानी पिऊन," आणि जो निघाला तो थेट भाऊच्या धक्क्यावर येऊन उरणच्या मोरा बंदराकडे येणाऱ्या लाँचमध्ये बसला. लोक म्हणे बराच वेळ वाट बघत होते. या खेपेला नरेशनं स्पष्ट सांगितलं होतं, "आता जमला तर जमला. न्हाय तर सोमवारपासून गेटवर बस आन गाड्यांच्या एंट्र्या कर. गानं बास." नरेश वाईट माणूस नाही. पण तो बोलला की करतो.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मीच नरेशकडे गेलो. म्हटलं, हरेश आत असताना त्या लाल कंटेनरला हात लावू नको, असं तुझ्या हायड्रावाल्याला सांगून ठेव. पोरगा आधीच घाबरलाय. नरेश हसत सुटला.

"काका, त्या डब्याचा तल सडलाय. उचलला तर टायर खाली पडतील. आन दार? दार बंदच होत न्हाय. बिजागऱ्या गंजून बसल्यात. हरेशला म्हायती हाय की! मागं बाहेरचा आवाज आत येतो म्हनून त्यानंच चार मानसं लावलेली दार ओढाला. हललं न्हाय."

मला संताप आला. इतके महिने डोळ्यावर ऊन घेऊन मी कशाची राखण करत होतो? चांगलं खडसावायचं असं ठरवून कंटेनरपाशी गेलो. हरेश टायरवर बसून ओठांतल्या ओठांत शब्द घोकत होता. एका ओळीपाशी येऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होता. ही भीती मात्र खोटी नव्हती. मी गुपचूप खुर्ची ओढली आणि बसलो.

रविवारी आम्ही मोऱ्याहून लाँचनं निघालो. लाँचमधलं एक लाइफ जॅकेट हरेशनं मागून घेतलं आणि गिटारला घातलं. स्वतःला नाही. शेजारच्या कोळणीनं विचारलं, "आन तू रं?" तो म्हणाला, "मना पवता येतं." समोर मुंबईच्या इमारती जसजशा मोठ्या होत गेल्या तसतसं त्याचं बोलणं कमी होत गेलं.

माडीवरची खोली लहान होती, माणसं बऱ्यापैकी होती. हरेशनं आत शिरताच दार कुठं आहे ते पाहून ठेवलं. ते पाहून मी दाराजवळचीच खुर्ची धरली. पहिलं गाणं पार पडलं. टाळ्या झाल्या. दुसरं गाणं त्यानं तेच धरलं, जे मागच्या खेपेला अडकलं होतं.

"मिठागर बुजलं, वर भराव आला..."

आणि थांबला. गिटार चालू राहिली. तीच सुरावट पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा. लोकांना वाटलं ही गाण्याचीच रीत असेल. मान डोलवत होते बिचारे. हरेशची नजर दाराकडे गेली, मग पाण्याच्या ग्लासाकडे. त्यानं माईकजवळ तोंड नेलं आणि म्हणाला, "पानी..."

तेवढ्यात मी बोललो. गायलो नाही. माझा आवाज गाण्याचा नाही, कचेरीत हजेरी घेण्याचा आहे. त्याच आवाजात मी बसल्या जागेवरून म्हटलं, "खालचं पानी इचारतं, मालक कुटं गेला?"

ही ओळ मला पाठ आहे, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. हरेशही बघत राहिला. मग त्यानं ती ओळ उचलली, आणि पुढं कुठंही अडकला नाही. उलट शेवटच्या गाण्याला डोळे मिटून असा काही गायला की कॅफेच्या पोरांनी कपबशा उचलायच्या थांबवल्या. नंतर एका मुलीनं त्याला विचारलं, तुमची ही गाणी कुठं ऐकायला मिळतील? तो म्हणाला, "उरनला." मुलगी हसली. तो थट्टा करत नव्हता.

परतीच्या लाँचमध्ये ऊन उतरलं होतं. गिटारला पुन्हा जॅकेट घातलं होतं. आता बोलायला हरकत नाही असं वाटून मी म्हटलं, "हरेश, त्या कंटेनरचं दार लागत नाही. तुला ठाऊक होतं."

त्यानं तोंड पाण्याकडे वळवलं. म्हणाला, "बाबा होता तवा मिठागरावर हातातला काम ठेवून माजं गानं आयकायचा. तो गेल्यावर घरात कोन हाय? दादाला येल न्हाय, वैनीला डोका न्हाय. काका, मी तुमाला बोललो असतो, गानं आयकाला या, तर तुमी एक दिस आला असता. लय तर दोन दिस. भ्या वाटतं बोललो, म्हनून रोज आलात."

मी गिटारच्या जॅकेटचा सुटलेला पट्टा बांधत बसलो. धक्का जवळ आल्यावर मी एवढंच म्हटलं, "उद्यापासून मी नुसतं गाणं ऐकायला येतो. हायड्रा-बिड्रा काही बघणार नाही."

मला वाटलं तो खूश होईल. त्यानं गिटार पोटाशी घट्ट ओढून घेतली आणि माझ्याकडे कावऱ्याबावऱ्या नजरेनं पाहिलं.

"नुसतं गानं आयकाला?" तो म्हणाला. "मंग काका, आता मात्र गाताना खरोखर भ्या वाटंल."